यंत्रानं ओळखलेला अंगठा

या, असे जवळ या. खांबाला टेकलेल्यांनीही थोडं पुढं सरकावं. मागं बसलं की अर्धं लक्ष बुवांकडं आणि अर्धं बाहेरच्या चपलांकडं राहतं, हे आपल्या सगळ्यांनाच ठाऊक आहे. आज एक गोष्ट सांगायची आहे. पुराणातली नव्हे, आपल्या नाशकातली, अगदी अलीकडची, आणि तीही संगणकाच्या खोलीतली. म्हणून कंटाळून उठू नका. हिच्यात एक पोर आहे, एक यंत्र आहे आणि एका बाईचा अंगठा आहे. शेवटी हात जोडावेसे वाटले तर ते कोणापुढं, ते तुमचं तुम्ही ठरवा.

पोरीचं नाव मृण्मयी. राहायला पंचवटीत, आणि संगणकशास्त्रात पीएचडी करायला आपल्याच शहरातल्या एका विद्यापीठात. तिच्या गाइड मालिनी मॅडम. बोलायला तिखट, पण मनाच्या लोण्यासारख्या. आणि शेजारच्या खुर्चीवर विहंग नावाचा दुसरा संशोधक. त्याचं संशोधन कशावर आहे हे विभागात कोणालाच नीट सांगता येत नसे, पण तो विभागात नसला की खोली सुनी वाटे.

मृण्मयीचं काम द्राक्षाच्या पानाचं. आता तुम्ही म्हणाल, संगणकाचा आणि पानाचा काय संबंध? तर द्राक्षावर डाउनी नावाचा रोग येतो. आधी पानावर तेलाचा थेंब सांडावा तसा पिवळट डाग पडतो, मग पानामागं पांढरी बुरशी धरते, आणि तोवर हात हलवले नाहीत तर घडच्या घड हातचे जातात. मृण्मयी यंत्राला हा रोग ओळखायला शिकवत होती. शिकवायचं कसं, तर लहान मुलाला चित्रं दाखवतात तसं. हे बघ आजारी पान, हे बघ बरं पान. असे हजारो फोटो. यंत्र आपलं आपण खुणा शोधतं. नेमकी कोणती खूण त्यानं धरली ते शिकवणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि सगळी गोष्ट इथंच अडकली आहे, एवढं ध्यानात ठेवा.

फोटोंसाठी दिंडोरीजवळच्या वाल्मीकरावांनी आपल्या बागेतल्या शेवटच्या दोन ओळी फवारणीविना सोडल्या होत्या. द्राक्षवाल्यानं दोन ओळी रोगाच्या हवाली करायच्या म्हणजे पोटच्या पोराला मुद्दाम पावसात उभं करण्यासारखं. दर खेपेला ते मृण्मयीला ऐकवायचे, "ताई, लोक गाय पाळतात, कुत्रं पाळतात. तुमच्या पीएचडीपायी मी बागेत रोग पाळतोय!" आणि लगेच घरात ओरडायचे, "अहो, ताईंना चहा ठेवा!"

दोन हंगाम फोटो काढले. सहा हजारांवर फोटो. त्या फोटोंवर हे आजारी, हे बरं, असा शिक्का मारला वनस्पतिरोगाचे जाणकार आल्हाद सरांनी. यंत्र शिकलं. दोन हजार फोटोंवर त्याची परीक्षा घेतली, आणि चुका निघाल्या फक्त एक्केचाळीस.

"अठ्ठ्याण्णव टक्के!" विहंग म्हणाला. "माझे दहावीचे आणि बारावीचे मिळून एवढे नव्हते गं."

डिसेंबर लागला होता. प्रबंध जमा करण्याआधीचं सादरीकरण बारा दिवसांवर आलं होतं, आणि वर्ष संपताना मृण्मयीच्या नोंदणीची मुदतही संपत होती. एक मुदतवाढ तिनं आधीच घेतलेली, दुसरी मिळेलच याचा भरवसा नाही. म्हणजे या बारा दिवसांवर साडेपाच वर्षं टांगलेली. पण अठ्ठ्याण्णव टक्के हातात असल्यावर भीती कसली? असं तिला सोमवारी सकाळी अकरापर्यंत वाटत होतं.

अकरा वाजता तिनं सहज म्हणून दुसऱ्या एका गावच्या बागेतले तीनशे फोटो यंत्रापुढं टाकले. उत्तर आलं, चोपन्न टक्के.

तिनं पुन्हा टाकले. चोपन्न.

"नाणं उडवलं असतं तरी पन्नास आले असते," विहंग म्हणाला. "तुझं मॉडेल नाण्यापेक्षा चार मार्कांनी हुशार आहे." पण तिच्या चेहऱ्याकडं पाहून त्यानं खुर्ची जवळ ओढली. "मृण्मयी, ते बघतं कुठं ते बघितलंस का?"

यंत्र फोटोत नेमकं कुठं बघतं हे रंगवून दाखवायची एक रीत असते. जिथं लक्ष जास्त तिथं तांबडं, जिथं कमी तिथं निळं. मृण्मयीनं आपल्याच बागेतलं एक आजारी पान घेतलं. पानाच्या मध्यावर तेलकट डाग, लहान पोरालाही दिसेल असा. यंत्रानं तो निळा रंगवला होता! तांबडं होतं ते खालच्या कोपऱ्यात. पान धरणाऱ्या अंगठ्यावर.

दुसरा फोटो. अंगठ्यावर तांबडं. तिसरा, दहावा, शंभरावा. प्रत्येक ठिकाणी तोच सावळा, रापलेला अंगठा, नखाच्या मुळाशी गोंदलेले पाच हिरवे ठिपके. यंत्रानं रोग ओळखलाच नव्हता. त्याला एवढंच कळलं होतं की हा अंगठा दिसला की पान आजारी असतं.

मृण्मयीनं सहा हजार फोटो पाहिले होते. एकेक फोटो कापला होता, उजेड सारखा केला होता, नाव दिलं होतं. आणि तो हात तिला एकदाही दिसला नव्हता. डोळ्यांपुढं होता, पण पाहिला मात्र नव्हता.

हात कोणाचा हे आठवायला तिला वेळ लागला नाही. नवसाबाईचा. भात कापून झालं की सुरगाण्याच्या बाजूनं डोंगर उतरून दिंडोरीच्या बागांत कामाला येणारी बाई. फोटोच्या दिवशी ती पुढं चालायची, वेलीत हात घालून पान उचलून धरायची आणि म्हणायची, "हं ताई, ह्याला घ्या." मग मृण्मयी फोटो काढायची. बऱ्या पानांचे फोटो मृण्मयीनं एकटीनं, वेलीवरच्या वेलीवर काढले होते. तिथं कोणाचाच हात नव्हता.

ती मालिनी मॅडमच्या खोलीत गेली. मॅडमनी सगळं बघितलं आणि विचारलं, "आणखी कोणाला दाखवलंस?"

"विहंगला."

"म्हणजे सगळ्या विभागाला." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मृण्मयी, समितीत कोणी दुसऱ्या बागेचे फोटो मागणार नाही. आकडा बघतील, आलेख बघतील, चहा घेतील आणि अभिनंदन करून जातील. हे तुलाही माहीत आहे, म्हणून स्पष्ट बोलते. ठरवायचं तुला."

मृण्मयी म्हणाली, "वाल्मीकराव हे मॉडेल फोनवर घेऊन बागेत फिरणार आहेत, मॅडम. त्यांच्या गावातले आणखी वीस जण विचारतायत. फोटोत नवसामावशींचा अंगठा नसला की ते प्रत्येक पान बरं म्हणून सांगेल. आणि बरं म्हटलं की ते फवारणार नाहीत."

"मग?"

"मग नाही, मॅडम. मला नाही जमणार."

मालिनी मॅडमनी चष्मा पुन्हा घातला. पोर नापासाच्या दाराशी उभी होती, पण मॅडमच्या चेहऱ्यावर मात्र ती पहिली आल्यासारखा आनंद. "जा तर," त्या म्हणाल्या, "आधी त्या बाईंना भेटून ये. बारा दिवस आहेत."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मृण्मयी स्कूटरवरून दिंडोरीला पोचली. बागेत बायका कामाला लागल्या होत्या. नवसाबाई वेलीखाली वाकून जादा फुटवे काढत होती. पन्नाशीची, काटक, कानात चांदीच्या बाळ्या.

"मावशी, तुम्ही मला आजारीच पानं का धरून दाखवायच्या? चांगली का नाही?"

नवसाबाईनं तिच्याकडं पाहिलं, तिची तब्येत बरी आहे ना असं. "चांगल्या पानाला काय म्हणून धरायचं, ताई? ते बरं हाय. त्याला आपल्याशी काय काम?"

पलीकडून एक बाई हसून म्हणाली, "शिकल्याली माणसं अशीच इचारतात गं, नवसे. परवा मला इचारलं, वेल झोपती का?"

मृण्मयीही हसली. पण तिच्या पिशवीत टॅब होता आणि टॅबमध्ये त्या एक्केचाळीस चुका. येण्याआधी तिनं त्या उघडून बघितल्या होत्या. त्यातले छत्तीस फोटो एकाच जातीचे. पानावर डाग नाही, आल्हाद सरांचा शिक्का 'बरं', पान नवसाबाईच्या हातात, म्हणून यंत्रानं सांगितलेलं 'आजारी'. तिनं त्यातला एक पुढं केला. "हे बघा, मावशी. यावर काहीच नाही. हे कशाला धरलंत?"

नवसाबाईनं डोळे बारीक केले. पान ओळखीचं असल्यागत मान हलवली. "डाग नव्हता. पन यायचा व्हता."

बोलून ती पुन्हा वेलीकडं वळली. जणू आज मंगळवार आहे, एवढंच तिनं सांगितलं होतं.

श्रोते हो, कीर्तनात कधी कधी बुवा एक साधाच शब्द उच्चारतात आणि मृदंग थांबतो. तसं झालं मृण्मयीचं. ती बांधावर बसली. प्रत्येक पानाला तिनं क्रमांकाची चिठ्ठी बांधली होती आणि दर दोन दिवसांनी त्याच पानाचा फोटो काढला होता, त्यामुळं पुढचं शोधणं सोपं होतं. हे पान, चौदा तारखेला स्वच्छ. तेच पान सोळाला स्वच्छ. अठराला डाग. दुसरं पान, सहा दिवसांनी डाग. तिसरं, चार. ऊन वर आलं, बायकांनी भाकरी सोडली, नवसाबाईनं चटणी लावून अर्धी भाकरी तिच्या हातावर ठेवली, आणि ही पोर भाकरी हातात धरून फोटो पुढं ढकलतेच आहे. छत्तीसपैकी एकतीस पानं पुढं आजारी पडली होती.

म्हणजे बघा. जाणकाराला डाग दिसला नाही. यंत्रानं पानाकडं पाहिलंच नाही, ते अंगठ्याकडं बघून बोललं. आणि ज्यांना आपण यंत्राच्या चुका म्हणून मोजलं, तिथंच यंत्र बरोबर होतं, कारण ज्या अंगठ्यावर त्यानं विश्वास टाकला तो बरोबर होता.

"मावशी, तुम्हाला कळतं कसं?"

"सकाळी, ऊन यायच्या आधी, पानाखाली अंगठा घालायचा. बरं पान गार लागतं. बिघडायचं पान..." ती शब्द शोधत थांबली. "लेकराला ताप यायच्या आदल्या दिशी कपाळ कसं लागतं? ताप नसतो, पन आईला कळतं. तसं."

"कोणी शिकवलं?"

"कोन शिकवनार? बारा वरसं पानंच बघतीय. तुमी किती वरसं शाळेत?"

मृण्मयीनं हिशेब केला. "बावीस."

"आगं बया! मग तुमाला माझ्यापरीस जास्त याया पायजे!"

मृण्मयीनं खाली वाकून एका पानाखाली अंगठा घातला. पान तिला पानासारखं लागलं.

मालिनी मॅडमनी सगळं शांतपणे ऐकलं आणि मग गार पाणी ओतलं. "त्या ओळींत फवारणीच नव्हती, मृण्मयी. तिथं आज ना उद्या बरीच पानं आजारी पडणार. मी डोळे मिटून बोट ठेवलं तरी निम्मी बरोबर येतील. तुला चमत्कार हवा आहे म्हणून तो तुला दिसतोय का, हे आधी बघ."

राग आला तिला, पण मॅडम खरं बोलत होत्या. म्हणून परीक्षा ठरली. सकाळी नवसाबाईनं त्या दोन ओळींतली, एकही डाग नसलेली साठ पानं निवडायची. तीस बिघडणारी, तीस बरी राहणारी. सगळ्यांना सारखाच पांढरा दोरा आणि क्रमांक. कोणता क्रमांक कशातला, ते फक्त विहंग लिहून घेणार आणि पाकिटात घालून मॅडमकडं देणार. मृण्मयीनं त्या सकाळी बागेत पाऊलसुद्धा टाकायचं नाही. सहाव्या दिवशी आल्हाद सर येऊन प्रत्येक पान बघणार, आणि पाकीट त्यानंतर उघडणार.

पहिल्याच पानापाशी अडलं. नवसाबाई बऱ्या पानाला हात लावायला तयार होईना. विहंग सांगतो, "मावशीनं मला चांगलंच झापलं. म्हणाली, निरोगी लेकराला दवाखान्यात नेता का? शेवटी मी म्हटलं, लस टोचायला नेतो की! तेव्हा कुठं दोरा बांधू दिला."

ते सहा दिवस मृण्मयीनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. दोन सादरीकरणं तिनं तयार केली. एकात अंगठ्याची चूक आणि तिथंच शेवट. दुसऱ्यात पुढची काही पानं कोरी. आई रोज संध्याकाळी गोदाघाटावर कीर्तनाला निघताना विचारायची, "येतेस का?" आणि ही म्हणायची, "मन लागणार नाही." पाचव्या दिवशी मात्र गेली. बुवा काय बोलले यातलं एक अक्षर तिला आठवत नाही. पण सगळ्यांबरोबर टाळी वाजवताना तिचं लक्ष आपल्या अंगठ्याकडं गेलं, आणि हसू आलं, एवढं आठवतं.

सहावा दिवस उजाडला. दव पडलेलं. आल्हाद सर कमरेत वाकून एकेक पान उलटसुलट करत चालले आणि विहंग लिहीत चालला. "सतरा, आजारी. अठरा, बरं. एकोणीस, बरं. वीस, आजारी." वाल्मीकराव हाताची घडी घालून उभे. नवसाबाई पलीकडच्या ओळीत आपलं काम करत होती. तिला या मोजणीची उत्सुकता नव्हती, तिला उत्तर आधीच माहीत होतं.

साठ झाले. मालिनी मॅडमनी पाकीट फाडलं. दोन याद्या शेजारी शेजारी धरल्या. बोट खाली खाली सरकत गेलं आणि त्यांचा आवाज बारीक होत गेला.

नवसाबाईनं बिघडणार म्हणून सांगितलेल्या तीस पानांपैकी अठ्ठावीस आजारी. बरी राहणार म्हणून सांगितलेल्या तिसांपैकी फक्त तीन.

वाल्मीकरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बागेवर ऊन उतरत होतं आणि प्रत्येक पानाच्या टोकाला दवाचा थेंब लोंबत होता. मृण्मयीला वाटलं, केवढं काय काय घडत असतं या पानांच्या आत, आणि केवढं बोलत असतात ती! दोन हंगाम आपण त्यांचे फोटो काढले, आणि ऐकणारी बाई आपल्या शेजारी उभी होती, पान पुढं धरून.

आल्हाद सर चालत नवसाबाईपाशी गेले. तीस वर्षं पानं बघितलेला माणूस. "बाई," ते म्हणाले, "जरा हात दाखवता का?"

नवसाबाईनं चटकन हात पदरात लपवला. "का? भविष्य सांगता?"

"नाही हो," सर म्हणाले. "भविष्य तुम्हीच सांगता."

बाराव्या दिवशी सादरीकरण झालं. समितीपुढं मृण्मयीनं पहिलं चित्र लावलं ते तांबड्या अंगठ्याचं. अठ्ठ्याण्णवचा आकडा तिनं स्वतःच खोडला, चोपन्न लिहिला, आणि मग पाकिटाची गोष्ट सांगितली. बाहेरून आलेले परीक्षक पुढं झुकले. "म्हणजे तुमच्या यंत्रानं रोग ओळखलाच नाही?"

"नाही, सर," मृण्मयी म्हणाली. "रोग ओळखणारं माणूस ओळखलं. माझ्याआधी ओळखलं."

परीक्षकांनी अर्धा तास तिला सोललं. साठ पानं फार थोडी, एकच बाग, एकच हंगाम. तिनं सगळं मान्य केलं. प्रबंध त्या दिवशी मंजूर झाला नाही, हे मी लपवत नाही. विषय बदला, काम पुन्हा करा, आणि विशेष बाब म्हणून एक वर्ष द्यावं, अशी शिफारस झाली. वर्ष मिळालं. त्याचं पत्र यायला फेब्रुवारी उजाडला, पण मिळालं.

आता ती पानाचा फोटो काढत नाही, पानाची ऊब मोजते. उष्णता टिपणारा एक कॅमेरा मालिनी मॅडमनी कुठून कुठून मागून आणला आहे. अंगठ्याला जे कळतं ते यंत्राला कळेल का, हा तिचा नवा विषय. अजून तरी यंत्र मागं आहे आणि नवसाबाई पुढं. प्रबंधाच्या अर्जात पानांवर शिक्का मारणाऱ्या तज्ज्ञांची नावं लिहायची असतात. तिथं आल्हाद सरांनी स्वतःच्या नावाच्या वर नवसाबाईचं नाव लिहायला लावलं. पुढच्या रकान्यात विचारलेलं, शैक्षणिक पात्रता. मृण्मयीनं लिहिलं: द्राक्षबागेत बारा वर्षं. कचेरीतून तो कागद दोनदा परत आला. दोन्ही वेळा तिनं तेच लिहून पाठवला. तिसऱ्यांदा आला नाही.

नवसाबाईला हे सांगितलं तेव्हा तिनं अंगठा उलटासुलटा करून पाहिला. "आजवर कागदावर नुसता उठवत व्हते ह्याला," ती म्हणाली. "आता कागद ह्याच्याकडं आला व्हय?" आणि हसत हसत पुढच्या वेलीकडं गेली. हंगाम संपला की ती डोंगर चढून घरी जाईल, भात लावेल, आणि थंडी पडली की पुन्हा उतरेल.

झाली माझी गोष्ट. आता एकच मागणं. आरतीनंतर प्रसादाला द्राक्षं येतील. मणी तोंडात टाकण्याआधी घटकाभर बोटांत धरा, त्याचा गारवा अंगठ्याला लागू द्या, आणि सुरगाण्याच्या नवसाबाईची आठवण करा.